सतराव्या वर्षी चाकांवर कोण उरतं?

पहाटे साडेपाचला बेळगावच्या स्केटिंग रिंकवर दिवे लागलेले असतात. हवेत गारठा, कठड्याला टेकून उभे असलेले आईवडील, त्यांच्या खांद्यावर पोरांची दप्तरं. आत सात-आठ वर्षांची मुलं वाकून, एक हात पाठीवर ठेवून फेऱ्या मारत असतात. या गावाने कधी बर्फ पाहिला नाही, पण घसरत धावण्याचं वेड इथे दोन पिढ्या मुरलं आहे. शिवगंगा रिंकसारख्या जागांनी आणि सूर्यकांत हिंडलगेकरांसारख्या प्रशिक्षकांनी ते वाढवलं. मोठ्या शहरांच्या सोयी नसताना बेळगावचं नाव देशाच्या स्केटिंगमध्ये घेतलं जातं, याचा अभिमान बाळगायलाच हवा.

या अभिमानाच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो आता मोकळेपणाने बोलला पाहिजे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी अनिकेत चिंदक हा बेळगावचा सहा वर्षांचा मुलगा जगभरच्या बातम्यांत झळकला. ओळीने उभ्या केलेल्या ५७ गाड्यांखालून तो ४५ सेकंदांत स्केटवर पार झाला, असं त्या बातम्यांनी सांगितलं. पुढे बेळगावच्याच रोहन कोकणेचं नाव लिंबो स्केटिंगसाठी गिनीज बुकात गेलं. दोन्ही पाय बाजूंना पूर्ण ताणायचे, धड पुढे झुकवायचं, हनुवटी जमिनीला लागते की काय असं वाटेपर्यंत खाली जायचं आणि त्याच वेगाने अडथळ्याखालून निघायचं, असा हा प्रकार. त्यामागची मेहनत खरी होती आणि धाडसही खरं होतं. तरीही त्याला एक मर्यादा जन्मापासूनच चिकटलेली आहे. हा विक्रम लहान शरीराचा आहे. मूल वाढलं की ते गाडीखाली मावत नाही. ज्या खेळात वाढणं हीच अडचण ठरते, त्या खेळाकडे मुलाला किती लवकर आणि किती जोराने ढकलायचं?

हाच प्रश्न हजारो किलोमीटरवर, बर्फाच्या रिंकवर, जगाने गेली अनेक वर्षं विचारला आहे. तिथे तो सर्वांत टोकदार झाला तो रशियात, आणि विशेषतः जोडीने खेळल्या जाणाऱ्या फिगर स्केटिंगमध्ये. या प्रकारात पुरुष जोडीदार स्त्रीला डोक्यावर उचलतो, हवेत फिरकी देऊन फेकतो आणि झेलतो. साहजिकच मुलगी जितकी लहानखुरी, तितकं उचलणं सोपं आणि फिरक्या जास्त. मुलगी चौदा-पंधराची, मुलगा तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, अशा जोड्या जमवल्या जाऊ लागल्या त्यामागे हे साधं गणित आहे. गाडीखालून जाणाऱ्या मुलाचं आणि हवेत फेकल्या जाणाऱ्या मुलीचं गणित एकच आहे.

लवकर सुरुवात करण्याची बाजू कमजोर नाही, हे आधी मान्य करू. तोल, लवचीकपणा, पडण्याची भीती मोडणं या गोष्टी कोवळ्या वयात शरीर जसं शिकतं, तसं पुढे शिकत नाही. येकातेरिना गोर्दीवा चौथ्या वर्षी बर्फावर उतरली आणि प्राथमिक शाळेच्या वयातच सर्गेई ग्रिन्कोव्हशी तिची जोडी लावली गेली. १९८६ मध्ये ती विश्वविजेती झाली तेव्हा चौदा वर्षांची होती, आणि १९८८ ला कॅलगरीत ऑलिंपिक सुवर्ण घेताना सोळा वर्षांची. पण तिची गोष्ट तिथे संपली नाही. तिने सर्गेईशी लग्न केलं, १९९२ मध्ये तिला मुलगी झाली आणि १९९४ ला लिलेहॅमरमध्ये दोघांनी पुन्हा सुवर्ण जिंकलं. लवकर सुरुवात म्हणजे लवकर शेवट, असा नियम नाही. मुलाला चौथ्या-पाचव्या वर्षी रिंकवर नेणाऱ्या पालकांना दोषी ठरवणं म्हणूनच अन्यायाचं होईल.

दुसरं कारण आपल्या मातीतलं आहे. सीमाभागातल्या मराठी घराला जगाने दखल घ्यावी अशी भूक आहे आणि ती समजण्यासारखी आहे. १९५६ पासून हा मुलूख बंगळुरूला दूरचा आणि मुंबईला आठवणीपुरता जवळचा राहिला. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव सत्तर-पंचाहत्तर. बाजाराला, दवाखान्याला, कुस्तीच्या मैदानाला पाय कोल्हापूरकडे वळतात, पण निवडचाचणीचा अर्ज कर्नाटकातून भरावा लागतो. अशा घरातल्या मुलाचं नाव विक्रमाच्या पुस्तकात लागतं, तेव्हा चौकात लागलेल्या फलकावर सगळ्या गल्लीला आपला चेहरा दिसतो. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक आणलं, तेव्हा तालुक्यातल्या किती आयांनी आपल्या मुलींकडे नव्याने पाहिलं असेल! ही ताकद कमी लेखू नये.

आता दुसरं पारडं. येकातेरिना अलेक्झांड्रोव्हस्काया ही २००० मध्ये जन्मलेली मॉस्कोची मुलगी. सिडनीचा हार्ली विंडसर जोडीदार शोधत होता आणि त्याच्या देशात त्याला कुणी सापडत नव्हतं. त्याचा शोध मॉस्कोत संपला. ही मुलगी देश सोडून गेली, ऑस्ट्रेलियाची नागरिक झाली, २०१७ मध्ये दोघे कनिष्ठ गटाचे विश्वविजेते ठरले आणि २०१८ ला प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये उतरले. २०२० च्या सुरुवातीला आजारपणामुळे तिने खेळ सोडला. त्याच वर्षी जुलैत, विसाव्या वर्षी, मॉस्कोत तिचा मृत्यू झाला. एका मृत्यूचं खापर एका खेळावर फोडणं हे दुःखाशी केलेलं दांडगेपण होईल आणि आम्ही ते करणार नाही. पण एवढं विचारण्याचा हक्क सगळ्यांना आहे, की सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने देश, भाषा आणि घर बदलून पदकामागे धावावं, अशी वेळ येते तेव्हा तिच्या बाजूला खेळाबाहेरचं कोण उभं असतं?

एकेरी स्केटिंगमधली उदाहरणंही समोर आहेत. युलिया लिपनित्स्काया २०१४ च्या सोचीत पंधरा वर्षांची असताना सांघिक सुवर्णाची मानकरी ठरली आणि तीन वर्षांत, खाण्याच्या विकाराशी झुंजत, निवृत्त झाली. कामिला वालियेवा २०२२ ला बीजिंगमध्ये पंधरा वर्षांची होती. उत्तेजकाच्या प्रकरणात सगळं जग त्या मुलीकडे बोट दाखवत असताना तिच्याभोवतीचे मोठे लोक मात्र मागे राहिले. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाचं किमान वय १५ वरून १७ वर न्यायचं ठरवलं. बाजूने १०० मतं पडली, विरोधात १६. वाढ टप्प्याटप्प्याने झाली आणि २०२४-२५ च्या हंगामापासून १७ ची अट पूर्ण लागू झाली. पदकांची गणितं मांडण्यात मुरलेल्या संघटनांनाही अखेर मुलाचं वय आधी मोजावं लागलं.

आणि एक गोष्ट, जी लवकर सुरुवातीच्या बाजूने बोलणारे विसरतात. १९६४ ते २००६ या काळात जोडी स्केटिंगचं प्रत्येक ऑलिंपिक सुवर्ण सोव्हिएत आणि नंतर रशियन जोड्यांकडे गेलं. २००२ चं तेवढं कॅनडाच्या जोडीबरोबर वाटून घ्यावं लागलं. या मालिकेची सुरुवात कुणी केली? ल्युडमिला बेलौसोवा आणि ओलेग प्रोतोपोपोव्ह यांनी. ती सोळाव्या वर्षी स्केटिंगकडे वळली होती. पहिल्या सुवर्णाच्या वेळी ती अठ्ठावीस वर्षांची होती, दुसऱ्याच्या वेळी बत्तीस. इरिना रोदनिनाने तिसरं ऑलिंपिक सुवर्ण १९८० मध्ये, तिशीत, मूल झाल्यानंतर वर्षभराने घेतलं. अलीकडे २०२४ मध्ये कॅनडाकडून खेळणारी डियाना स्टेलाटो-ड्युडेक जोडी प्रकारात विश्वविजेती झाली ती चाळिसाव्या वर्षी, आणि तीही मध्ये सोळा वर्षं खेळापासून दूर राहून. हे अपवाद आहेत, असं कुणी म्हणेल. असतील. पण बालवयातला विजय हा या खेळाचा निसर्गनियम नाही, तो माणसांनी निवडलेला रस्ता आहे, एवढं सिद्ध करायला ते पुरेसे आहेत.

निपाणीच्या तंबाखूच्या रानात गेलेल्या कुणालाही एक काम ठाऊक असतं. रोप फुलावर येऊ लागलं की शेंडा खुडतात, बगलेतले फुटवे काढतात. झाडाचा सगळा रस मग पानांत उतरतो आणि पान जाड, वजनदार होतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, कारण त्याला पानच हवं असतं. एकाच खेळाच्या एकाच प्रकारात मुलाला दिवसाचे चार-चार तास गुंतवणं हेही तसंच. बाकीचे खेळ, सुट्टीतली भटकंती, अभ्यास, आळस, हे सगळे फुटवे काढले की विक्रमाचं पान नक्कीच वजनदार होतं. फक्त मूल हे पानासाठी लावलेलं पीक नाही.

डॉक्टरांचं म्हणणंही याच दिशेने जातं. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचे कोवळे भाग असतात. एकाच हालचालीचा ताण तिथे वर्षानुवर्षं पडत राहिला तर दुखणं मुरतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं, की एकाच खेळाला वाहून घेण्याचा निर्णय शक्यतो पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावा, आठवड्यातला एखादा-दोन दिवस आणि वर्षातले काही महिने त्या खेळापासून विश्रांती द्यावी. खेळांचे डॉक्टर एक सोपा ठोकताळाही सांगतात: मुलाचं वय जितकं, आठवड्याला तेवढ्याच तासांपर्यंत संघटित सराव. आठ वर्षांच्या मुलाला आठ तास. स्केटिंगमध्ये तोल आणि लवचीकपणा लवकर शिकावा लागतो, त्यामुळे ही मर्यादा अगदी काटेकोर पाळता येणार नाही, असा प्रशिक्षकांचा आक्षेप असू शकतो आणि त्यात तथ्य आहे. पण मर्यादा थोडी सैल करणं आणि मर्यादाच नसणं यात मोठं अंतर आहे.

आपल्या तालमींना हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतच्या लाल मातीत वस्ताद पोराला आधी माती खणायला लावायचा, जोर-बैठका घालायला लावायचा, खुराक बघायचा. कच्चं पोर मोठ्या कुस्तीला सोडलं की मोडतं, हे त्याला माहीत असे. मैदान गाजवण्याआधी अंग तयार होऊ देण्याचा तो संयम आपल्या मातीतला आहे, आणि तो चाकांवरही लागू पडतो.

तर मग आमचं मत काय? रिंक चालू राहिली पाहिजे, किंबहुना वाढली पाहिजे. निपाणीच्या विडी वळणाऱ्या घरातल्या मुलीलाही स्केट पायात घालता आले पाहिजेत, यासाठी नगरपालिकांनी आणि शाळांनी साहित्य उसनं देण्याची सोय करावी. बदलायला हवी ती मोजपट्टी. आज क्लबचं यश सर्वांत लहान विक्रमवीराच्या वयावर मोजलं जातं. ते पुढे एकाच आकड्यावर मोजावं: दहा वर्षांपूर्वी आलेल्या मुलांपैकी सतराव्या वर्षी किती जण अजून चाकांवर आहेत, आणि तेही गुडघे शाबूत ठेवून?

ही मोजपट्टी लावली की बाकीचं आपोआप बदलेल. लिंबोत तरबेज झालेल्या मुलाला बाराव्या-तेराव्या वर्षी तिथेच सोडून न देता त्याला वेगाच्या किंवा कलात्मक स्केटिंगकडे वळवण्याचा रस्ता आखावा लागेल. तो रस्ता काल्पनिक नाही. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुप कुमार यामा आणि अवनी पांचाळ यांनी चाकांवरच्या जोडी स्केटिंगमध्ये भारताला कांस्य मिळवून दिलं. २०२३ ला हांगझोऊत भारताच्या मुलांनी आणि मुलींनी ३००० मीटर रिलेत कांस्य घेतलं. त्यातलाच एक, तमिळनाडूचा आनंदकुमार वेलकुमार, २०२५ मध्ये १००० मीटरचा विश्वविजेता झाला. हे सारे मोठे होऊन जिंकले. त्यांच्या रांगेत उभं राहील अशी मुलं बेळगावात निश्चित आहेत.

वर्तमानपत्रं, नगरसेवक आणि फलक लावणारी मंडळी, यात आम्हीही आलो, यांचीही जबाबदारी आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या विक्रमाला पहिलं पान आणि अठरा वर्षांच्या मुलीच्या राज्य पदकाला आतला कोपरा, ही पद्धत आम्ही बदलायला हवी. आणि सीमाभागाच्या न्यायाचं ओझं मुलांच्या पाठीवर ठेवणं थांबवायला हवं. तो लढा आपल्या पिढीचा आहे. त्याची जागा न्यायालयात आणि चळवळीत आहे, आठ वर्षांच्या पोराच्या मांडीच्या स्नायूंत नाही.

तंबाखूच्या त्याच रानात शेतकरी काही झाडं राखून ठेवतो. त्यांचा शेंडा तो खुडत नाही. ती उंच वाढतात, फुलतात, बोंडं धरतात. त्यांच्या पानाला भाव कमी येतो, पण पुढच्या वर्षीचं बी त्यांच्यातूनच मिळतं. रिंकवरची आजची मुलं मोठी होऊन उद्याच्या मुलांना पडायला आणि उठायला शिकवणार असतील, तर त्यांना अशी राखलेली झाडं समजूनच वाढवावं लागेल.