सामना पाहावा, पण कसा?

फुटबॉलचा विश्वचषक जवळ येऊ लागला म्हणजे आमच्या कानी दोन प्रश्न येतात. विद्यार्थी विचारतात, "सर, सामने कोठे दिसतील?" पालक विचारतात, "मुलांनी हे सामने पाहावेत काय?" पहिला प्रश्न उत्सुकतेचा, दुसरा काळजीचा, आणि दोन्ही रास्त आहेत. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे, व तो सहसा कोणी विचारीत नाही. तो हा की, सामना पाहावा तर कसा पाहावा? या प्रश्नासंबंधी आमचे मत आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहो. सामने अवश्य पाहावेत. मात्र ते निवडून पाहावेत, चारचौघांत बसून पाहावेत आणि सचोटीच्या मार्गाने पाहावेत, असे आमचे मत आहे.

हा परक्यांचा खेळ, आपल्यास त्याचे काय, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांस आम्ही आपल्याच मुलखाकडे पाहण्यास सांगू. गोमंतकात शिवोली गावी १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नामक धर्मगुरूंनी हा खेळ मुलांस प्रथम शिकविला असे सांगतात. मुंबईस रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. आमच्या शिरवळावरून दक्षिणेस जाणारा हमरस्ता जेथे पंचगंगेच्या काठी पोहोचतो, त्या कोल्हापुरात तर कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही नावे तेथील लहान मुलांसही ठाऊक असतात, आणि विश्वचषकाच्या दिवसांत तेथील पेठापेठांतून ब्राझील व आर्जेन्टिना यांचे झेंडे लागतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसोझा या गोमंतकीय खेळाडूने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले व आपला देश चौथ्या स्थानी आला. तेव्हा हा खेळ आपल्या अंगणात नवा नाही. आपण तो पाहण्यास मात्र उशिरा लागलो.

पाहण्याचा इतिहासही मुलांनी ध्यानी घ्यावा. विश्वचषकाचे सामने दूरचित्रवाणीवर प्रथम दिसले ते १९५४ साली, आणि तेही युरोपातील लोकांस. मुंबईस दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. रंगीत चित्रे आपल्याकडे १९८२ साली आली, आणि १९८६ च्या मेक्सिकोतील स्पर्धेने भारतातील सामान्य घरांस मॅराडोनाचे नाव शिकविले. त्या काळी सबंध आळीत एखादाच संच असे. ज्याच्या घरी तो असे त्याची ओसरी आपोआप सर्वांची होई. म्हातारीकोतारी खाटेवर, पोरे जमिनीवर आणि उशिरा आलेले उंबऱ्यावर. पुढे घरोघरी केबल आली, मग डिश आली. कतारमधील २०२२ ची स्पर्धा तर जिओसिनेमावर मोबाईलमध्ये विनामूल्य दिसली. पाहण्याची सोय अशी वाढत गेली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु जो सामना पूर्वी तीस माणसे एका संचावर पाहत, तोच आज एका घरातील चार माणसे चार कोपऱ्यांत चार मोबाईलांवर पाहतात. सोय वाढली आणि सोबत घटली. या दुसऱ्या गोष्टीचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आता मार्ग कोणते ते पाहू. पहिला मार्ग दूरदर्शनचा. २००७ साली संसदेने एक कायदा केला. सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेले सामने खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीस द्यावेत, म्हणजे गरिबाच्या घरीही ते दिसावेत, असा त्याचा हेतू आहे. विश्वचषकाचा प्रत्येक सामना या यादीत येतोच असे नाही; तथापि डीडी फ्री डिश घेतलेल्यास डबा व छत्री यांचा एकदाच खर्च येतो, महिन्याचे शुल्क नाही, ही मोठी सोय होय. दुसरा मार्ग शुल्क भरून पाहण्याच्या वाहिन्यांचा, आणि तिसरा मोबाईलचा. येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. प्रक्षेपणाचे हक्क दर वेळी एकाकडेच राहत नाहीत. २०१८ साली ते सोनीकडे होते, २०२२ साली व्हायाकॉम १८ कडे गेले. सबब मागील वेळी जेथे सामने दिसले तेथेच पुढेही दिसतील असे समजून आगाऊ पैसे भरू नयेत. स्पर्धेपूर्वी नीट चौकशी करावी.

मोबाईलवरील सामना फुकट असतो, हाही एक समज आहे. चांगल्या प्रतीच्या चित्रास तासाला साधारण एक ते तीन गिगाबाईट डेटा लागतो. सामना मध्यांतर धरून दोन तासांचा. रोज दीड वा दोन गिगाबाईट मिळण्याचे रिचार्ज ज्या घरी आहे, त्या घरी उत्तरार्ध संपण्यापूर्वीच डेटा संपण्याचा संभव. आणि सकाळी वडिलांस कामाचा निरोप येणार असतो तो याच मोबाईलवर. शिवाय मोबाईलवरचे चित्र लहान लहान तुकड्यांनी येते व थोडे साठवून मग दाखविले जाते; त्यामुळे ते दूरचित्रवाणीच्या मागे कित्येक सेकंद राहते. शेजारच्या घरातून 'गोल' अशी आरोळी उठते, आणि आपल्या हातातील पडद्यावर चेंडू अद्याप मध्यरेषेवरच असतो! एकट्याने पाहण्याचा हा दंडच म्हणावयाचा.

पालकांचा मुख्य आक्षेप झोपेचा व अभ्यासाचा आहे, आणि तो आम्ही हलका लेखीत नाही. २०२२ चा अंतिम सामना १८ डिसेंबर रोजी, रविवारी, आपल्याकडील रात्री साडेआठ वाजता सुरू झाला. तो घरोघरी जेवणे आटोपून पाहता आला. अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या देशांतील २०२६ च्या स्पर्धेचे वेळापत्रक ११ जून ते १९ जुलै असे आखण्यात आले, आणि अंतिम सामन्याची तेथील दुपारची तीनची वेळ म्हणजे आपल्याकडील मध्यरात्रीनंतरचा साडेबाराचा ठोका. उजाडल्यावर सोमवार, आणि शाळा! संघ ३२ चे ४८ झाले, सामने ६४ चे १०४ झाले. एका सामन्यास दोन तास धरले तर सारे मिळून २०८ तास होतात. शाळेचा दिवस सहा तासांचा धरल्यास हे पस्तीस शाळांचे दिवस होत. जून महिन्यात शाळा उघडते, नवी पुस्तके हाती येतात, आणि तेव्हाच इतके तास जागून काढणे कोणत्याही मुलास परवडणारे नाही.

यावर कित्येक पालकांचा उपाय बंदीचा असतो. आमचा अनुभव असा की, बंदी घातलेला सामना पाहिला जातोच. फक्त तो पांघरुणाखाली पाहिला जातो. आमच्या गावी कारखान्यांत पाळीने काम करणारे आईबाप बहुसंख्य आहेत. रात्रपाळीस गेलेला बाप घरातील पांघरुणाखाली काय चालले आहे हे कसे पाहणार? यास्तव आम्ही सुचवितो की, घरातील सर्वांनी मिळून स्पर्धेच्या आरंभीच सात-आठ सामने निवडावेत. कोणते पाहावयाचे हे मुलांनी सांगावे, किती पाहावयाचे हे वडीलधाऱ्यांनी सांगावे. रात्री उशिराचा सामना असेल तर सकाळी त्यातील ठळक भाग पाहावा. निकाल आधी कळला म्हणून खेळ नासत नाही. ज्यास केवळ निकालच हवा, त्याला खेळ नकोच आहे असे आम्ही समजतो.

आता सोबतीविषयी. चौकात मोठा पडदा लावून मंडळी सामना पाहतात, त्यात उत्साह असतो हे आम्हांस मान्य आहे. परंतु मध्यरात्रीच्या त्या चौकात आपल्या मुली कोठे असतात? त्या घरीच राहतात. आणि मग फुटबॉल हा मुलग्यांचा खेळ असे आपणच ठरवून मोकळे होतो. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. त्याचा अंतिम सामना ३० ऑक्टोबर रोजी आपल्याच राज्यात, नवी मुंबईस झाला व स्पेनच्या मुलींनी कोलंबियास १–० असे हरविले. पुढल्या वर्षी, २० ऑगस्ट २०२३ रोजी, सिडनी येथे स्त्रियांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तो आपल्याकडे रविवारी दुपारी साडेतीन वाजता दिसत होता. ना जागरण, ना अंधार! तरी तो किती घरांत लावला गेला असेल? ज्या जागी आई, बहीण व आजी निःसंकोच बसू शकतील ती जागा सामना पाहण्यास योग्य, ही कसोटी प्रत्येक मंडळाने व प्रत्येक घराने लावून पाहावी. शाळेच्या सभागृहात सुटीच्या सकाळी एखादा सामना सर्व मुलामुलींस दाखविता आला तर फारच उत्तम. मात्र असे जाहीर प्रदर्शन करण्यापूर्वी हक्कदारांच्या परवानगीची चौकशी शाळेने केलीच पाहिजे.

येथे सचोटीचा मुद्दा येतो. सापडलेले पेन्सिलीचे टोकही वर्गात परत करणारा मुलगा चोरून दाखविलेल्या सामन्याची लिंक मित्रांस बिनदिक्कत पाठवितो. त्यास वाटते, यात कोणाचे काय गेले? परंतु ज्याने मोल देऊन हक्क घेतला त्याचे ते चोरणेच होय. आणि अशा ठिकाणी पुष्कळदा आईच्या बँकेच्या खात्यावरच डोळा ठेवलेला असतो. गरिबाने काय करावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जुन्या ओसरीत आहे: ज्याच्या घरी सामना रीतसर दिसतो त्याने दार उघडे ठेवावे, व ज्याच्या घरी दिसत नाही त्याने संकोच न धरता जावे. पैज लावण्याविषयी तर दोन मते असूच शकत नाहीत. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांस बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली संमत केला. पण कायद्याचा हात पोहोचण्यापूर्वी घरचा हात पोहोचला पाहिजे. दहा रुपयांची पैज लावणारा मुलगा त्या क्षणापासून खेळ पाहीतच नाही, तो आपले दहा रुपये पाहतो.

शेवटी, डोळसपणे पाहण्याविषयी दोन शब्द. चेंडूच्या मागे सर्वांचीच दृष्टी धावते. पाच मिनिटे तरी ज्याच्यापाशी चेंडू नाही अशा खेळाडूकडे पाहावे, म्हणजे संघ कशास म्हणतात ते कळेल. २२ जून १९८६ रोजी मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध एक गोल हाताने केला व चार मिनिटांच्या आत दुसरा असा केला की, त्याची वाखाणणी अद्याप होते. पहिला पंचांस दिसला नाही, परंतु कॅमेऱ्याने तो साऱ्या जगास दाखविला. २०१८ पासून विश्वचषकात पंचांच्या मदतीस चित्रफीत आली. आता असा हात लपणे कठीण. पण कॅमेरा नसलेल्या आमच्या मैदानावर चेंडू हातास लागला तर तो लागला असे कोण सांगणार? ते ज्याच्या हातास लागला त्यानेच सांगावयाचे आहे. २०२२ च्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या एम्बापेने तीन गोल केले आणि तरीही त्याचा संघ हरला. आपले काम चोख करूनही हार येते, हे मुलांनी त्या चेहऱ्यावर वाचावे. २०१८ साली सामना हरल्यावर जपानच्या खेळाडूंनी आपली खोली स्वच्छ झाडून तेथे आभाराची चिठ्ठी ठेवली, हेही त्यांनी विसरू नये.

विद्यार्थीमित्रहो, पुढील विश्वचषक येईल तेव्हा प्रत्येक वर्गाने एक सामना निवडावा, त्या दोन देशांची माहिती नकाशासह भिंतीवर लावावी, आणि सामना पाहिल्यावर त्याच संध्याकाळी मैदानावर उतरावे. पाऊस असेल, चिखल असेल, असू द्या. आणि पालकहो, आपणांस आमची एवढीच विनंती आहे की, निवडलेल्या सात-आठ सामन्यांपैकी एका तरी सामन्यास आपण मुलांशेजारी बसावे. नियम कळत नसतील तर त्यांनाच विचारावे. जो मुलगा वा जी मुलगी वर्षभर आपल्या प्रश्नांस एका शब्दात उत्तर देते, ती ऑफसाईड म्हणजे काय हे समजावून देताना अर्धा तास बोलेल.