‘ओल्ड मनी’ नको, जुनं कापड हवं!

फेअरवेल तोंडावर आलंय, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि तुमच्या कार्टमध्ये नेव्ही ब्लू पॉलिस्टर ब्लेझर पडलाय. बरोबर ना? रील्सवरच्या ‘ओल्ड मनी’ लुकची कृपा! बटन-डाउन कॉलरचा शर्ट, खाकी चिनोज, लोफर्स. अमेरिकेतल्या येल, प्रिन्स्टन, हार्वर्डसारख्या आयव्ही लीग कॉलेजांतल्या पोरांचा हा जुना पेहराव, म्हणून ‘आयव्ही स्टाइल’. मला ती मनापासून आवडते. पण आपण ती ज्या पद्धतीने विकत घेतोय, ते काही पटत नाही.

आपल्याकडे म्हणतातच, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. आणि गंमत म्हणजे या स्टाइलला त्या सोंगाची गरजच नाही. तिची सुरुवात श्रीमंत घरांतून झाली हे खरं. पण 1944 च्या जी. आय. बिल कायद्यामुळे युद्धावरून परतलेले सैनिक सरकारी मदतीवर कॉलेजात शिकायला आले आणि लष्करातली खाकी पँट घालूनच वर्गात बसले. पुढे माइल्स डेव्हिससारख्या कृष्णवर्णीय जॅझ कलाकाराने तोच बटन-डाउन शर्ट आपल्या ऐटीत मिरवला. म्हणजे ही स्टाइल फक्त ‘ओल्ड मनी’वाल्यांची राहिलीच नाही.

आता उन्हाळ्याचं बघा. या स्टाइलचा उन्हाळी अर्धा भाग तर आपल्याच मातीतला आहे. चौकडीचं मद्रास कापड नावासकट इथलं. त्याचे देशी रंग प्रत्येक धुण्यात थोडे उतरायचे. अमेरिकन गिऱ्हाइकांनी आधी तक्रार केली, मग विक्रेत्यांनी ‘रंग जाणारच’ अशी जाहिरात करून तीच फॅशन केली! येल हे नावसुद्धा मद्रासच्या एका माजी गव्हर्नरचं. एलिहू येलने 1718 मध्ये पुस्तकांसोबत मालाचे नऊ गठ्ठे पाठवले, त्यात कापड होतं. माल विकून पैसा उभा राहिला आणि कॉलेजला त्याचं नाव मिळालं. ‘खाकी’ आली ती ‘खाक’वरून, म्हणजे धुळीवरून. आणि सुरकुतलेलं सीअरसकर म्हणजे मूळ फारसीत ‘शीर ओ शकर’, दूध आणि साखर. त्या सुरकुत्यांमुळे कापड अंगाला चिकटत नाही, आत हवा खेळते. हे सगळं सोडून आपण घामाने निथळत पॉलिस्टर घालायचं? कमाल आहे!

मग शोधायचं कुठे? आधी घरात. आजोबांचे सुती शर्ट बोहारणीकडे भांड्यांच्या बदल्यात जाण्याआधी ट्रंक उघडा. नंतर पुण्याचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, फॅशन स्ट्रीटवरचा एक्स्पोर्ट सरप्लसचा ढीग. लेबलवर शंभर टक्के कॉटन आहे का बघा. लेबल नसेल तर शिवणीतला एक धागा घरी काळजीपूर्वक जाळून पाहा: सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. काखेतला डाग आणि विरलेली पाठ दिसली की सोडून द्या. खांदे मात्र मापाचेच घ्या; कंबर, बाही, लांबी कोपऱ्यावरचा टेलर अल्टर करून देईल. कॉलर झिजलीय? आपल्याकडे कॉलर उसवून उलटी लावून घ्यायची पद्धत होती, तीच वापरा. आणि आयव्हीवाले तर झिजलेली कॉलर तशीच मिरवायचे.

घालायचं कसं, ते सोपं आहे. चौकडी एकच, बाकी सगळं साधं. मद्रास शर्टखाली फिकी खाकी पँट, किंवा पांढऱ्या शर्टाखाली सीअरसकर. बाह्या कोपरापर्यंत दुमडा. ब्लेझर हवाच असेल तर अस्तर नसलेला, सुती. लोफर्स नाहीत? चामड्याची कोल्हापुरी झकास दिसते, आणि पायाला वाराही लागतो. मद्रास पहिल्यांदा गार पाण्यात, वेगळं धुवा, नाहीतर रूममेटचे बनियन गुलाबी होतील आणि शिव्या तुम्ही खाल.

कुणी म्हणेल, जुने कपडे घालायची लाज वाटते. मला विचाराल तर लाज वाटायला हवी ती एका संध्याकाळच्या फोटोसाठी ब्लेझर घेऊन तो कपाटात कोंबण्याची. पॉलिस्टर वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि हातमागावर चौकडी विणणाऱ्याच्या हाती त्यातला एक रुपयाही पडत नाही. जुना शर्ट वापरलात तर नवा कचरा नाही, आणि नवं घ्यायचंच झालं तर हातमागाचं दोन मीटर कापड आणून शर्ट शिवून घ्या की!

तर कार्ट रिकामं करा. आणि आजीला विचारा, आजोबांच्या ट्रंकेची किल्ली कुठे आहे. लवकर विचारा, बोहारीण कधीही येईल.