टेलिप्रिंटर भंगारात गेला, पण तुमच्या फोनमध्ये तो अजून बसलाय!

आमच्या डेस्कवरचे एक ज्येष्ठ उपसंपादक रात्रपाळीच्या चहाला हमखास टेलिप्रिंटरच्या गोष्टी सांगतात. वृत्तसंस्थेचं मशीन कोपऱ्यात खडखडत असायचं, कागद जमिनीवर लोळायचा आणि घंटी वाजली की सगळे तिकडे धावायचे, कारण घंटी म्हणजे मोठी बातमी. एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, ते मशीन अजून चालू आहे. माझ्या फोनमध्ये." त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स कर्नल आहे आणि त्या कर्नलमध्ये 'टीटीवाय' नावाचा एक मोठा भाग आहे. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप, म्हणजेच आपला टेलिप्रिंटर. फोनवर टर्मक्स अॅप असेल तर उघडा, 'टीटीवाय' हा तीन अक्षरी आदेश इंग्रजीत टाइप करा. कर्नल उत्तर देईल की तुम्ही अमुक क्रमांकाच्या टर्मिनलवर बसला आहात. मग कंट्रोल दाबून जी दाबा. फोन थरथरेल. ती त्या काळची घंटी. आस्की तक्त्यात ती आजही ७ क्रमांकावर आहे.

हे सगळं गंमत म्हणून ठीक आहे. पण गेल्या काही वर्षांत याच जुन्या भागाने लिनक्सच्या सुरक्षेला मोठाली भोकं पाडली, आणि ती बुजवताना अंध वापरकर्त्यांचा कीबोर्ड बंद पडला. त्यामुळे हा भाग काय करतो आणि कोणासाठी करतो, हे कळणं मला महत्त्वाचं वाटतं. इंजिनीअरिंगला असताना ते मला कोणी सांगितलं नाही. 'डिव्हाइस ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातील दुवा' असं एक वाक्य पाठ होतं, त्यावर व्हायव्हात पूर्ण मार्क मिळाले आणि विषय संपला.

आधी हे बघू, अक्षर जातं कुठून?

एक साधं उदाहरण घेऊ. साखर कारखान्याच्या गेटवर वजनकाटा आहे. काट्याची सिरीयल केबल आत केबिनमधल्या कॉम्प्युटरला लावलेली आहे. ट्रॅक्टर काट्यावर चढला की आकडे त्या एका केबलमधून एकेक बिट करत येतात.

सरकारी कार्यालयात टपाल येतं तसं समजा. टपालाची पिशवी आणणारा शिपाई असतो. त्याच्या पुढे आवक-जावक टेबलावरचा कारकून. आणि आत साहेब. शिपाई पत्र वाचत नाही, त्याने वाचायचंही नसतं. पिशवी टेबलावर ठेवायची आणि परत फाटकावर जायचं. पत्र अर्धवट आहे का, कोणतं तातडीचं, कोणतं साहेबांपर्यंत जायलाच नको, हे कारकून ठरवतो. साहेबांना तयार फाइल मिळते.

इथे शिपाई म्हणजे ड्रायव्हर. सिरीयल चिपने बिट जुळवून एक बाइट तयार केला की ती प्रोसेसरला टोचणी देते, त्याला इंटरप्ट म्हणतात. ड्रायव्हर धावत येतो, चिपमधले बाइट उचलतो, कर्नलच्या एका बफरमध्ये टाकतो आणि निघून जातो. त्याला थांबून चालतच नाही. १,१५,२०० बॉड हा आज अगदी साधा वेग. त्या वेगाने दर सेकंदाला ११,५२० बाइट येतात, म्हणजे दोन बाइटमध्ये जेमतेम ८७ मायक्रोसेकंदांचं अंतर. जुन्या प्रसिद्ध १६५५० चिपमध्ये साठवायला जागा १६ बाइटचीच. शिपाई गप्पा मारत बसला तर सतरावं पत्र रस्त्यावर पडणार. तुलनेसाठी सांगतो, १९६३ चं मॉडेल ३३ टेलिटाइप सेकंदाला १० अक्षरं पाठवायचं.

कारकून म्हणजे 'लाइन डिसिप्लिन'. हे नाव पुस्तकांत फारसं सापडत नाही, पण टर्मिनलचं खरं डोकं इथे आहे. टर्मक्समध्ये 'कॅट' आदेश देऊन काहीबाही टाइप करा, चुका करा, बॅकस्पेसने खोडा. कॅटला यातलं काहीच माहीत नसतं. खोडाखोड कर्नलमधला कारकून सांभाळतो आणि तुम्ही एंटर दाबल्यावर स्वच्छ ओळ आत पाठवतो. स्क्रीनवर अक्षर उमटतं तेही बहुतेक वेळा त्यानेच परत पाठवलेलं असतं. पासवर्ड टाकताना काही दिसत नाही, कारण प्रोग्रॅमने कारकुनाला सांगितलेलं असतं, आता उमटवू नकोस.

कंट्रोल-सी दाबल्यावर प्रोग्रॅम मरतो, त्याचंही तेच. ड्रायव्हरच्या लेखी तो फक्त ३ क्रमांकाचा बाइट. कारकून तो ओळखतो, आत पाठवत नाही, आणि समोर चालू असलेल्या प्रोग्रॅमला थांबण्याचा सिग्नल पाठवतो. मॉडेम, यूएसबी केबल, फोनची स्क्रीन, अक्षर कुठूनही येवो, कंट्रोल-सी सगळीकडे सारखंच चालतं ते यामुळे.

करार काय आहे?

ड्रायव्हर कर्नलमध्ये नोंदणी करताना एक तक्ता देतो. तक्त्यात त्याच्या फंक्शनचे पत्ते असतात. टर्मिनल उघडायचं असेल तर हे बोलवा, बंद करायला हे, बाइट बाहेर पाठवायला हे, माझ्याकडे आत्ता किती जागा आहे ते इथे विचारा, वेग बदलायचा तर हे. बदल्यात कर्नल ड्रायव्हरला काही मोजकी फंक्शन्स वापरू देतो. आलेली अक्षरं इथे टाक, केबल निघाली तर इथे कळव. बस. कारखान्याच्या काट्याचा ड्रायव्हर आणि शंभर रुपयांच्या यूएसबी-सिरीयल चिपचा ड्रायव्हर हाच तक्ता भरतात. कारकून बदलावा लागत नाही.

तुमच्या फोनवर किंवा लॅपटॉपच्या खिडकीतल्या टर्मिनलमध्ये तर हार्डवेअरच नसतं. तिथे 'सूडो टर्मिनल' म्हणजे नकली टेलिप्रिंटर असतो. एका टोकाला अॅप, दुसऱ्या टोकाला शेल, आणि मध्ये तोच कारकून. त्याला कळतही नाही की केबल नाहीये. मला या रचनेचं खरंच कौतुक वाटतं.

पण करार कागदावर जितका स्वच्छ दिसतो तितका तो कोडमध्ये नव्हता. केबल अचानक निघाली, त्याच क्षणी कोणीतरी लिहितंय, दुसरं कोणी टर्मिनल बंद करतंय. अशा वेळी कोणतं कुलूप कोणी लावायचं यावर हा भाग वर्षानुवर्षं चाचपडत राहिला. अॅलन कॉक्स हे लिनक्सचे जुने, मोठे नाव. टीटीवायची साफसफाई त्यांनी हाती घेतली होती. २००९ च्या जुलैमध्ये एका बदलामुळे काही प्रोग्रॅम बिघडले, लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्याशी जाहीर वाद झाला आणि कॉक्स यांनी टीटीवायची जबाबदारीच सोडली. पुढे ती ग्रेग क्रोह-हार्टमन यांच्याकडे गेली. वाद कोणाचा बरोबर, यात मी पडत नाही. एवढं मात्र दिसतं की ज्या भागावर अब्जावधी उपकरणं उभी आहेत तो सांभाळायला फार माणसं रांगेत नव्हती.

मग भोकं पडली

२०१४ मध्ये एक त्रुटी उघड झाली. कारकून एका बाजूने अक्षर परत उमटवत असताना दुसऱ्या बाजूने प्रोग्रॅमचं लिखाण आलं, तर दोघं एकाच बफरमध्ये घुसायचे आणि बफर ओसंडायचा. कुलूप लावायचं राहिलं होतं. मशीनवर साधं खातं असलेला माणूस त्यातून रूट होऊ शकत होता. ही चूक २००९ पासून तशीच पडून होती.

२०१७ चं प्रकरण मला त्याहून बोलकं वाटतं. लिनक्समध्ये कारकून बदलता येतो. वेगळ्या प्रोटोकॉलसाठी वेगळी लाइन डिसिप्लिन. त्यातली 'एन-एचडीएलसी' ही एका विशिष्ट प्रकारच्या सिरीयल कार्डासाठी होती, जे कार्ड तुम्ही-आम्ही कधी पाहिलेलंही नसेल. पण कोणताही साधा वापरकर्ता नकली टेलिप्रिंटर उघडून कर्नलला म्हणू शकत होता, मला हा कारकून दे. आणि कर्नल कार्ड आहे की नाही हे न विचारता कोठीतून ते मॉड्यूल काढून आणायचा. त्या मॉड्यूलमध्ये २००९ पासूनची चूक होती. अलेक्झांडर पोपोव्ह या संशोधकाने ती शोधली.

दोन वर्षांनी, २०१९ च्या ५.१ आवृत्तीत, असं आपोआप मॉड्यूल आणणं बंद करण्याचं बटण आलं. बटण आलं, पण कारखान्यातून ते चालूच येतं, जुनं काही मोडू नये म्हणून. मला हे पटत नाही. ज्याच्याकडे ते कार्ड आहे त्याला एक ओळ लिहायला लावा. बाकी सगळ्यांच्या घराचा मागचा दरवाजा त्याच्यासाठी उघडा का ठेवायचा?

इथपर्यंत माझं मत सरळ होतं: जुनं आहे, बंद करा. ते हललं पुढच्या प्रकरणाने.

टर्मिनलला 'टीआयओसीएसटीआय' नावाची एक विनंती करता येते. तिने एखादा प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये अक्षरं अशी घुसवू शकतो की जणू माणसानेच टाइप केली. धोका उघड आहे. रूट माणसाने आपल्या टर्मिनलमधून कमी अधिकाराचा प्रोग्रॅम चालवला, तर तो जाता जाता रूटच्या नावाने आदेश टाइप करून जाऊ शकतो. ओपनबीएसडीने ही सोय आधीच काढून टाकली होती. लिनक्समध्ये २०२३ च्या ६.२ आवृत्तीत ती बंद करायची सोय आली. मीही तेव्हा टाळ्या वाजवल्या असत्या.

मात्र ही विनंती 'बीआरएलटीटीवाय' वापरत होता. अंध माणसांच्या ब्रेल उपकरणाला लिनक्सच्या कन्सोलशी जोडणारा हा प्रोग्रॅम. ब्रेल कीबोर्डवर दाबलेली अक्षरं तो याच वाटेने टर्मिनलमध्ये पोहोचवतो. सोय बंद केलेल्या मशीनवर अंध वापरकर्त्यांचं टायपिंग थांबलं. सॅम्युएल थिबो यांनी दुरुस्ती दिली: पूर्ण अधिकार असलेल्या प्रोग्रॅमला ही वाट नेहमी उघडी राहील. सगळ्यांनाच पटण्यासारखा उपाय होता, पण तो दरवाजा बंद झाल्यावर आला.

आणि हे आपल्या घरापर्यंत

दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाचा रात्री फोन आला. डिप्लोमाचा प्रोजेक्ट, शेतातल्या मातीचा ओलावा मोजणारा. "दादा, बोर्ड लावला तरी पोर्टच दिसत नाही. दिसतो आणि लगेच जातो." उबंटू २२.०४ होतं, बोर्डवर स्वस्तातली सीएच-३४० चिप. इंटरनेटवर सगळीकडे एकच उत्तर: बीआरएलटीटीवाय काढून टाका. त्याने काढलं, बोर्ड चालला, तो खूश.

पुन्हा तेच नाव आलं म्हणून मी खोदून पाहिलं. एका ब्रेल उपकरणात हीच चिप वापरलेली आहे. चिप स्वतःची ओळख सांगते ती दोन्हीकडे सारखीच. त्यामुळे यूएसबीला बोर्ड लावला की बीआरएलटीटीवायला वाटायचं, आपलं ब्रेल यंत्र आलं, आणि तो ड्रायव्हरच्या हातातून चिप काढून घ्यायचा. कर्नलच्या नोंदीत हे स्पष्ट लिहिलेलं दिसतं, वाचणारा हवा. मुळात दोष ना त्या प्रोग्रॅमचा ना ड्रायव्हरचा. उपकरण बनवणाऱ्याने वेगळी ओळख घेतली नाही आणि उबंटूने नियम सगळ्यांच्या मशीनवर टाकला.

मावसभावाचा लॅपटॉप त्याचा एकट्याचा आहे, त्याने काढलं तर बिघडलं नाही. पण कॉलेजच्या लॅबमध्ये तीस मशीनवर कोणी हाच आदेश चालवला तर? त्या लॅबमध्ये उद्या एखादी अंध विद्यार्थिनी आली तर ती कन्सोलवर बसेल आणि यंत्र मुकं असेल, आणि कोणी काय काढलं हे कोणाच्याच लक्षात नसेल. त्या चिपची एक ओळ नियमांच्या फाइलमध्ये निष्क्रिय केली असती तरी बोर्ड चालला असता.

म्हणून माझी मागणी दोन ठिकाणी आहे. डिस्ट्रिब्यूशन बनवणाऱ्यांनी नको ते कारकून डिफॉल्टला बंद ठेवावेत, पण कुलूप लावण्याआधी निदान ब्रेल आणि स्क्रीन रीडर सांभाळणाऱ्यांना मेल टाकावा. ती माणसं मोजकी आणि ओळखीची आहेत. आणि आपल्या कॉलेजांनी ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला एक तास द्यावा. शंभर-दीडशेचा बोर्ड, एक केबल, कर्नलच्या नोंदी उघड्या, आणि 'एसटीटीवाय' आदेशाने कारकुनाचे नियम एकेक करून बदलून बघायचे. त्या पाठ केलेल्या व्याख्येत नसलेला कारकून मुलांना तिथे भेटेल.

मावसभावाला मी परवा हे सगळं सांगितलं. त्याने पॅकेज परत टाकलं, ती एक ओळ बंद केली, बोर्ड लावला. पोर्ट दिसला. मग म्हणाला, "दादा, हे मी लॅबच्या सरांना सांगू का? त्यांनी सगळ्या मशीनवरून काढलंय."