‘पातळ औषध द्या’



“डॉक्टर, पोरगं रात्रभर खोकतंय बघा. कायतरी पातळ औषध द्या.” कोल्हापूर जिल्ह्यात बालरुग्ण पाहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे वाक्य पावसाळ्यापासून माघापर्यंत जवळजवळ रोज ऐकलेले असते. या लहानशा वाक्यात व्याधी आहे, व्याधीचा काळ आहे आणि उपचारही आहे. आपण त्यातला उपचार तेवढा उचलतो आणि ‘रात्रभर’ हा शब्द सोडून देतो. प्रस्तुत लेखकही वीस वर्षे हेच करीत आला, म्हणून हे निवेदन अधिकारवाणीने नव्हे तर काहीशा अपराधी मनाने करीत आहे.

निमित्त आपणां सर्वांस ज्ञात आहे. सन २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया भागात, साध्या सर्दी-खोकल्यासाठी ‘कोल्ड्रिफ’ नावाचे पातळ औषध घेतलेल्या लहान मुलांची लघवी बंद झाली, वृक्क निकामी झाले आणि वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांना शेवटच्या आशेने आपल्याच नागपुरात आणले होते. तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या त्या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तेथील शासकीय प्रयोगशाळेला डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. बाटलीत जवळजवळ निम्मे विष होते आणि ते चवीला गोड होते.

या घटनेनंतरच्या आठवड्यात आपल्या व्यवसायबंधूंच्या वर्तुळात फिरलेले काही संदेश मी वाचले. ‘आता तरी आयुर्वेदाकडे वळा’, ‘आमचे कासहर सिरप संपूर्ण निसर्गदत्त’, असा त्यांचा सूर होता. दुसऱ्याच्या घरातील प्रेत उचलले जाण्यापूर्वी आपल्या दुकानाची पाटी रंगविण्याचा हा प्रकार मला रुचला नाही. रुचीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो खरा तरी आहे काय, याचा विचार आपण करावयास हवा.

कारण हे विष कोणत्या शास्त्राच्या औषधात शिरावे हे ठरवून शिरत नाही. ते शिरते द्रावकातून. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल यांसारखी गोड, दाट द्रव्ये औषधी प्रतीची घेण्याऐवजी औद्योगिक प्रतीची घेतली, किंवा पिंपावरील चिठ्ठीवर विश्वास ठेवला, की ते आत येते. अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलामाइडच्या गोड द्रावणाने शंभरावर माणसे मेली ती याच द्रव्याने. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली १४ रुग्ण दगावले ते दूषित ग्लिसरीनने. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणात खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी केली, आणि अहवालानंतर १९८८ मध्ये आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. पुढे २०२२ मध्ये गांबियात सुमारे सत्तर बालके गेली, त्याच वर्षी उझबेकिस्तानातही बालमृत्यू झाले. दोन्हीकडील संशयित बाटल्या भारतात भरलेल्या होत्या. त्यानंतर १ जून २०२३ पासून निर्यातीच्या कफ सिरपला आगाऊ तपासणी सक्तीची झाली. देशातल्या मुलांना जाणाऱ्या बाटलीला तो नियम नव्हता.

आता आपल्या फार्मसीत डोकावू. शास्त्रोक्त अवलेहात ग्लायकॉलचे काही काम नाही, हे मान्य. परंतु आज आपण जी ‘आयुर्वेदीय पातळ औषधे’ मुलांना लिहून देतो ती सगळीच ग्रंथोक्त आसव-अरिष्टे वा अवलेह आहेत काय? त्यांतील पुष्कळशी पेटंट योग आहेत. साखरेचा पाक महाग पडतो, बाटलीच्या तोंडाशी साखर बसते, ‘शुगर फ्री’ची मागणी येते, म्हणून सॉर्बिटॉल येते, घनसत्त्व विरघळावे म्हणून ग्लिसरीन वा प्रॉपिलीन ग्लायकॉल येते. हे बेकायदा नाही. पण ज्या क्षणी ते पिंप आपल्या आवारात उतरले त्या क्षणी १९८६ चा प्रश्न आपल्याही आवारात उतरला. प्रत्येक पिंपाची ओळख-चाचणी व डायएथिलीन ग्लायकॉलची तपासणी आपण करतो काय, की पुरवठादाराचे प्रमाणपत्र धारिकेत लावून मोकळे होतो? एका स्नेह्याच्या कारखान्यात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा ते म्हणाले, “वैद्यराज, आपलं अडुळशाचं औषध आहे, त्यात काय होणार?” अडुळशात काही होणार नाही हे खरेच.

हा झाला निर्मात्यांचा भाग. आता आपला, म्हणजे लिहून देणाऱ्यांचा. येथे स्वतःचीच एक चूक सांगतो.

करवीर तालुक्यातील एका गावची चार वर्षांची मुलगी. दिवसा खेळे, जेवे; रात्री खोके. कार्तिकाचे दिवस होते. आईने ‘पातळ औषध’ मागितले, मी कफज कास समजून एक कासहर सिरप दिले, दह्या-केळ्याची बंदी सांगितली. आठ दिवसांनी बाटली बदलली. आणखी आठ दिवसांनी वासावलेह दिला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पहाटे सहाला तिला दारात आणले तेव्हा तिचे पोट उडत होते, बरगड्यांमधली जागा आत ओढली जात होती आणि एक वाक्य सलग बोलता येत नव्हते. तिला तत्काळ रुग्णालयात पाठविले. तेथे नेब्युलायझरने श्वास मोकळा झाला. निदान बाळदम्याचे. ज्याला मी तीन आठवडे कास म्हणत होतो तो तमकश्वास होता.

ती बरी होऊन परत आल्यावर मी तिच्या आईला तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारावयाचा होता: “रात्री म्हणजे नेमकी किती वाजता?” उत्तर मिळाले, “चारला. एकदम चारच्या सुमाराला.” चारला घरात काय होते? वडील डेअरीला दूध घालायला जातात, त्यांच्या अंघोळीसाठी अंगणात बंब पेटतो. बंबात काय घालता? उसाचा पाला आणि चोयट्या. बंब कुठे आहे? मुलगी झोपते त्या खोलीच्या खिडकीखाली. सुश्रुतांनी कासाच्या हेतूंत धूर आणि धूळ स्पष्ट सांगितली आहेत. पदवीच्या परीक्षेत मी ती लिहून गुण मिळविले होते. बंब परसात गेला, बालरोगतज्ज्ञांनी दिलेला श्वासातून घ्यावयाचा पंप चालू राहिला, आणि तो माझ्या सांगण्यावरून बंद करू नये हे मी आईला दोनदा बजावले. माझ्याकडून तिला चालू आहे ते केवळ अग्नी सांभाळणे आणि पथ्य.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की रात्रीच्या खोकल्यात वेळ हाच अर्धा रोगनिर्णय आहे, आणि ती विचारण्याचे शास्त्र आपल्याकडे आहे. रात्रीचा पूर्वभाग कफाचा, उत्तररात्र वाताची. झोपवल्याबरोबर अर्ध्या तासात सुरू होणारा, ओला, नाक चोंदलेल्या मुलाचा खोकला निराळा. तो बहुधा नाकातील स्राव मागे घशात उतरल्याचा असतो आणि पडशाबरोबर ओसरतो. जेवून लगेच झोपणाऱ्या, दुधाची बाटली तोंडात घेऊन निजणाऱ्या मुलाचा निराळा. पहाटे येणारा, कोरडा, दमवणारा, हसल्या-पळाल्यावर वाढणारा निराळा, आणि त्याच्या घरी कुणाला दमा, शीतपित्त वा त्वचेची खाज आहे काय हे विचारल्यावाचून लेखणी उचलू नये. खोकून खोकून शेवटी लांब श्वास ओढून ओकणाऱ्या मुलाला डांग्या खोकला नाही ना, लसी झाल्या आहेत ना, हे पाहावे. दोन आठवड्यांवर चाललेला खोकला, वजन न वाढणे आणि घरात क्षयाचा रुग्ण असेल तर क्षयाची तपासणी आधी, आपला कल्प नंतर. आणि आपल्या भागात जिथे प्रत्येक घरी शेंगा फोडतात तिथे ‘खोकला एकाएकी, खेळता खेळता सुरू झाला’ हे शब्द ऐकले की शेंगदाण्याची आठवण व्हावी. श्वासनलिकेत अडकलेला दाणा कोणत्याही चूर्णाने निघत नाही.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात कासाचे पाच प्रकार केले. आपण बाजाराच्या सोयीने दोनच ठेवले आहेत, सुका आणि ओला, आणि दोहोंसाठी एकच बाटली. काश्यपसंहितेत न बोलणाऱ्या बालकाच्या वेदना त्याच्या चेष्टांवरून ओळखण्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. तो वाचणाऱ्या वैद्याला मुलाचा सदरा वर करून एक मिनिट श्वास मोजण्याचा कंटाळा येऊ नये. दोन महिन्यांच्या आतील बालकात मिनिटाला ६०, दोन ते बारा महिन्यांपर्यंत ५०, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० वा त्याहून अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, दूध न पिणे: यांपैकी काहीही दिसले तर ते मूल आपल्या बाह्यरुग्ण विभागात थांबता कामा नये. हे आकडे पाश्चात्त्यांचे म्हणून नाक मुरडणारे काही ज्येष्ठ आहेत. नाडी मोजण्यास घड्याळ आपण कधीच स्वीकारले. श्वासासाठी का नको?

पाच वर्षांच्या आतील मुलांना खोकला-सर्दीची संयुक्त आधुनिक औषधे सहसा देऊ नयेत, दोन वर्षांच्या आत तर मुळीच नको, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळविले. क्लोरफेनिरामीन व फिनाइलएफ्रीन यांचे संयुग चार वर्षांखालील मुलांना नको हा आदेश तर २०२३ चाच होता, आणि कोल्ड्रिफमध्ये नेमकी तीच जोडी होती. महाराष्ट्रात आपल्यापैकी पुष्कळांच्या टेबलावर दोन्ही शास्त्रांच्या बाटल्या असतात; त्यामुळे हे कागद आपल्यासाठी नाहीत असे म्हणता येणार नाही.

मधाविषयी थोडे अप्रिय लिहावे लागणार आहे. एक वर्षावरील मुलाला रात्री झोपण्यापूर्वी थोडा मध चाटविल्याने खोकला शमतो, हे आता पाश्चात्त्य बालरोगतज्ज्ञही मान्य करतात आणि आपल्याला त्याचा आनंद होतो. परंतु तेच तज्ज्ञ एक वर्षाच्या आत मध देऊ नये असेही सांगतात, कारण मधातील क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीज अर्भकाच्या आतड्यात रुजून विष निर्माण करू शकते. पहिले वाक्य उचलायचे आणि दुसरे गाळायचे, हे बरे नव्हे. जातकर्मात मध-तूप आहे, आमच्या आजीने दिला होता, आम्हाला काही झाले नाही, हे सारे मी ऐकले आहे. ज्यांना झाले ते आपल्याशी वाद घालायला आले नाहीत. क्षीराद अवस्थेतील बालकाला औषध द्यावयाचे तर मातेच्या आहार-औषधातून देण्याची आपली जुनी वाट आहेच. मी वर्षाच्या आत मधाचे अनुपान बंद केले आहे. त्यावर चर्चासत्रात कुणी मला धारेवर धरले तर हरकत नाही.

उघड न बोलली जाणारी आणखी एक गोष्ट आहे. ज्या पुडीने लहान मुलाचा जुना खोकला एका रात्रीत थांबतो त्या पुडीत काय असते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. खलात कुटलेली स्टेरॉइडची गोळी ‘सितोपलादी’ म्हणून देणारा मनुष्य छिंदवाड्यावर बोलण्याचा अधिकार गमावतो. सितोपलादी पाच द्रव्यांचे आहे: खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची, दालचिनी. सहावे नाही. तसेच वंशलोचन म्हणून बाजारात मिळणारा पांढरा खडा बांबूतला आहे की भट्टीतला, हाही प्रश्न औषधनिर्मात्यांनी स्वतःस विचारावा.

मग ‘पातळ औषध द्या’ म्हणणाऱ्या आईला काय द्यावे? रिकाम्या हाती परत पाठविले तर ती समोरच्या दुकानातून बाटली घेणार, हे मला दिसते. बहुतेक मुलांचा पडशानंतरचा खोकला दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो, हे तिला शांतपणे सांगण्यास पाच मिनिटे लागतात, आणि त्या पाच मिनिटांचे शुल्क घेण्यास मी अलीकडे शिकलो आहे. रात्रीचे जेवण लवकर, कोमट पाणी घोट घोट, डोक्याखाली थोडी उंची, डासांची कॉइल खोलीबाहेर, बंब परसात, पावसाळ्यात बुरशी धरलेली गोधडी उन्हात. कापूर लहान मुलाच्या नाकाशी धरू नये. एवढे कागदावर मराठीत लिहून देतो. मूल वर्षावरचे असेल तर त्यासोबत चूर्णाची पुडी, मधातून. आईला हातात काहीतरी लागते आणि पुडी ती गोष्ट भागविते. शिवाय तीत पिंपातले काही नसते.

संघटनेच्या येत्या सभेसाठी दोन सूचना पाठविल्या आहेत. एक, आपल्या सभासद औषधनिर्मात्यांनी पातळ औषधांच्या प्रत्येक बॅचमागे वापरलेल्या द्रावकाचा तपासणी-अहवाल वैद्याने मागितल्यास द्यावा. छोट्या फार्मसींना प्रत्येक वेळी स्वतंत्र चाचणी परवडत नाही, हे मी जाणतो. चार-पाच जणांनी मिळून नमुने एकत्र पाठविले तर खर्च विभागतो, आणि एकाच पुरवठादाराचे पिंप घेणाऱ्यांना ते सोपेही आहे. दुसरी, सभासद वैद्यांनी पाच वर्षांखालील मुलांच्या केसपेपरवर ‘खोकल्याची वेळ’ आणि ‘श्वास प्रतिमिनिट’ असे दोन रकाने छापून घ्यावेत. माझ्या केसपेपरवर ते गेल्या कार्तिकापासून आहेत. मुद्रकाने त्यासाठी काही जास्त घेतले नाही, फक्त “हे कशाला?” असे विचारले आणि बंबाची गोष्ट ऐकून घेतली. त्याच्याही अंगणात बंब आहे.