मंत्र्यांचा आयकर, जनतेचा गल्ला

मुनीमाने आपला पगार आपणच ठरवावा, गल्ल्यातून उचलावा आणि त्यावरचा करही मालकाच्याच नावे टाकावा, अशी पेढी किती दिवस चालेल? कापड बाजारातले पोरही याचे उत्तर देईल. सरकारी तिजोरीचा कारभार मात्र याच पद्धतीने चालत आला आहे.

उत्तर प्रदेशाचे उदाहरण पाहा. १९८१ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह मुख्यमंत्री असताना तेथे कायदा झाला की मंत्र्यांच्या पगारावरील आयकर सरकार भरेल. कारण दिले गेले मंत्र्यांच्या गरिबीचे. पुढे काँग्रेस, भाजप, समाजवादी, बसपा अशी सगळ्यांची सरकारे आली. एकमेकांचे निर्णय फिरवणाऱ्या या पक्षांनी हा कायदा तेवढा जपला. २०१९ मध्ये बोभाटा झाला तेव्हा कळले की एका वर्षात सुमारे ८६ लाख रुपये तिजोरीतून गेले होते. मग ही सवलत बंद झाली. मध्य प्रदेशात १९७२ पासूनची अशीच सवलत २०२४ मध्ये काढण्यात आली.

आम्हा व्यापाऱ्यांचे काय? जीएसटीचे विवरणपत्र एक दिवस उशिरा गेले तरी विलंब शुल्क लागते. कर थकला तर १८ टक्के व्याज. तेथे आमची गरिबी किंवा बाजारातील मंदी कोणी विचारात घेत नाही.

लोकप्रतिनिधींना पगार नको, असे आम्ही म्हणत नाही. पगार नसेल तर राजकारण फक्त धनवंतांचे राहील आणि विणकराचा मुलगा विधानसभेत कधीच पोहोचणार नाही. प्रश्न पगाराचा नाही, तो ठरवतो कोण याचा आहे. घटनेच्या १०६ व्या कलमानुसार खासदारांचे वेतन संसदच ठरवते, १९५ व्या कलमानुसार आमदारांचे विधिमंडळ ठरवते. म्हणजे मागणाराही तोच, देणाराही तोच.

मार्च २०२५ मध्ये खासदारांचे वेतन १ लाखावरून १ लाख २४ हजार आणि माजी खासदारांचे पेन्शन २५ हजारांवरून ३१ हजार झाले, तेही एप्रिल २०२३ पासून मागील फरकासह. याउलट भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत कामगाराचे किमान पेन्शन २०१४ साली १ हजार रुपये ठरले. भिवंडी-मालेगावच्या बहुतेक लूम कारागिरांच्या नशिबी तर तेवढेही नाही. मीटरवर मजुरी घेणाऱ्याला म्हातारपणी मुलांचाच आधार.

इलाज अवघड नाही. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या भत्त्यांचा घोटाळा उघडकीस आला, त्यानंतर भत्ते आणि पगार ठरवण्याचे काम स्वतंत्र संस्थेकडे गेले. पंजाबने २०२२ मध्ये कायदा करून, आमदारकी कितीही वेळा मिळाली तरी पेन्शन एकच, असे ठरवले. येथेही वेतन व पेन्शन स्वतंत्र आयोगाने ठरवावे, आणि दर वर्षी कोणावर किती खर्च झाला तो हिशेब जनतेपुढे मांडावा.

सार्वजनिक पद ही अमानत आहे. अमानतीचा हिशेब मागणे हा गुन्हा नव्हे, मालकाचा हक्क आहे. निवडणुकीत उमेदवार दुकानाच्या पायरीवर हात जोडून उभा राहील तेव्हा चहा जरूर पाजा, पण एवढा एक सवाल अवश्य विचारा: जनाब, तुमचा पगार उद्या कोण ठरवणार, तुम्ही की आणखी कोणी?