उधारीची वही आणि कायदा

प्रकाशा म्हणजे दक्षिणकाशी. तापी-गोमाईच्या संगमावर पापे धुतली जातात म्हणे. उधारी मात्र राहते! आमच्या किराणा दुकानाच्या वहीत आकडे आहेत, गिऱ्हाइकाची सही नाही. गेल्या वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाने हात झटकले. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा उधारीचा दावा साधारणतः ३ वर्षांत लावावा लागतो. ती उलटून गेली होती. मुदतीच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली असती, तर तेथून नवी मुदत धरता आली असती.

वडील म्हणतात, "सही मागितली तर माणूस तुटेल." मला हे पटत नाही. माणूस तुटला तो सही नव्हती म्हणूनच! मित्रहो, आपले शिक्षण निदान घरच्या वहीपर्यंत तरी पोहोचू दे.