मैदान सोडण्याचा हक्क

जुलै १९९९. अमेरिकन फुटबॉलमधल्या डेट्रॉइट लायन्सचं सराव शिबिर तोंडावर आलेलं असताना संघाचा रनिंग बॅक बॅरी सँडर्स याने कॅन्ससमधल्या विचिटाच्या, म्हणजे आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवला आणि निवृत्ती जाहीर केली. वय ३१. दहा हंगामांत चेंडू घेऊन धावत काढलेले १५,२६९ यार्ड. कारकिर्दीतल्या अशा यार्डांचा वॉल्टर पेटनचा विक्रम होता १६,७२६ यार्डांचा. आदल्या वर्षी सँडर्सने १,४९१ यार्ड काढले होते. तेवढेच पुन्हा काढले असते तर विक्रम त्याचा होता. म्हणूनच त्याच्यावर आजही आरोप होतात: त्याने करार मोडला, संघाला दगा दिला आणि हातातोंडाशी आलेला विक्रम टाकून पळ काढला. मला यातलं एकही मान्य नाही.

आधी कराराचं पाहू. सँडर्सने १९९७ मध्ये अनेक वर्षांचा करार केला होता, आगाऊ बोनस घेतला होता, हे खरं. त्यातला काही भाग त्याने परत करावा, असा लवादाने निकालही दिला. म्हणजे हिशेबाचा प्रश्न हिशेबानेच सुटला. पण या व्यवसायात कराराचं वजन दोन्ही बाजूंना सारखं नसतं. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, कराराच्या मोठ्या भागाची हमी नसते. खेळाडूचा गुडघा गेला किंवा पगार जड वाटू लागला, की संघ त्याला वाटेल तेव्हा काढू शकतो. याच लायन्सनी सँडर्सचा जिवलग सहकारी, सेंटर केव्हिन ग्लोव्हर याला १९९८ च्या हंगामाआधी जाऊ दिलं. तेव्हा दगा हा शब्द कोणी उच्चारला नाही. संघाने केलं तर व्यवहार आणि खेळाडूने केलं तर बेइमानी, हा न्याय मला पटत नाही.

विक्रमाचा आरोप तर सँडर्स ज्यांनी पाहिलाच नाही त्यांनी करावा. १९८९ चा, त्याच्या पहिल्या हंगामाचा शेवटचा सामना. यार्डांच्या यादीत कॅन्सस सिटीचा ख्रिश्चन ओकोये त्याच्यापेक्षा अवघ्या दहा यार्डांनी पुढे होता. लायन्सचा विजय नक्की झाला होता आणि सँडर्स बाकावर बसला होता. पुन्हा मैदानात उतरून पहिला क्रमांक घेतोस का, असं प्रशिक्षक वेन फोंट्स यांनी विचारलं. तो नको म्हणाला. दहा यार्ड म्हणजे त्याच्यासाठी एका धावेचं काम! टचडाउन केल्यावरही तो नाचत नसे, चेंडू जमिनीवर आपटत नसे. पंचाच्या हातात चेंडू देऊन परत फिरे. एकविसाव्या वर्षी ज्याला दहा यार्डांचा मोह पडला नाही, त्याला एकतिसाव्या वर्षी १,४५७ यार्ड का खुणावतील? तो स्वतःशी सुसंगतच वागला.

आता पळ काढण्याबद्दल. रनिंग बॅकचं काम म्हणजे चेंडू पोटाशी कवटाळून समोरच्या अकरा जणांतून वाट काढणं, आणि बहुतेक धावांचा शेवट कोणीतरी अंगावर आदळण्यात होतो. सँडर्सने असं ३,०६२ वेळा केलं. उंची पाच फूट आठ इंच. डावीकडे निघायचा, वाट बंद दिसली की एका पावलात थबकायचा. झेपावलेल्या बचावपटूच्या हातात हवा यायची आणि हा उजवीकडून निसटलेला असायचा. या वळणांपायी त्याचे यार्ड कधी कधी उलटे जायचे, म्हणून त्याला नाचरा म्हणणारेही होते. तरी दर धावेची सरासरी पाच यार्डांची राहिली!

या धडकांची किंमत त्याने जवळून पाहिली होती. २१ डिसेंबर १९९७ ला पाँटिअ‍ॅकच्या सिल्व्हरडोममध्ये न्यू यॉर्क जेट्सविरुद्ध त्याने हंगामातला दोन हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. त्याच सामन्यात लायन्सचा लाइनबॅकर रेजी ब्राउन मणक्याला इजा होऊन निश्चल पडला. त्याला मैदानातच तोंडाने श्वास द्यावा लागला. तो वाचला, पुढे चालूही लागला, पण खेळ तिथेच संपला. १९९१ मध्ये याच मैदानावर, सँडर्ससाठी वाट मोकळी करणारा गार्ड माइक अटली मान मोडून कायमचा अपंग झाला होता. ह्यूस्टनचा अर्ल कॅम्पबेल समोरच्याला सरळ धडकत आठ हंगाम खेळला. उतारवयात त्याच्या वाट्याला चाकांची खुर्ची आली. हे डोळ्यांसमोर असताना स्वतःच्या पायांनी बाहेर पडणाऱ्याला भित्रा कसं म्हणायचं?

शिवाय सँडर्सने देहाचं भय हे कारण दिलंच नाही. जिंकण्याची संघालाच आस उरलेली नाही, असं त्याला वाटू लागलं होतं. दहा वर्षांत बाद फेरीतला एकच विजय, जानेवारी १९९२ मध्ये डॅलसविरुद्ध. त्याच्या शेवटच्या हंगामात लायन्स सोळापैकी अकरा सामने हरले. मन उडाल्यावर तेच अंग त्याच धडकांसमोर, केवळ आकड्यासाठी, आणखी वर्षभर झोकून द्यायचं, हे निष्ठेचं लक्षण मी मानत नाही. पेटनचा विक्रम २००२ मध्ये एमिट स्मिथने मोडला आणि तो त्याच्या चिकाटीला शोभलाही. पण त्या वाटेने सगळ्यांनीच जावं, हा नियम कोणी केला?

एक तक्रार मात्र रास्त आहे. नव्या खेळाडूंची निवड एप्रिलमध्ये होते. फॅक्स आला जुलैअखेर. सहकाऱ्यांना आणि प्रशिक्षकांना पर्यायी माणूस शोधायला सवड उरली नाही, आणि ज्या प्रेक्षकांनी दहा वर्षं जीव टाकला त्यांना निरोप घ्यायलाही मिळालं नाही. मनाशी ठरलं होतं तर वसंतातच सांगायला हवं होतं. एवढा दोष त्याच्या पदरी घालायला माझी हरकत नाही. बाकीचं आरोपपत्र मागे घ्यावं.